मागचा पंप : धक्क्याने सुरू होणाऱ्या ऑटोमॅटिक गाडीचा विस्मृत इतिहास

१/२०
'ऑटोमॅटिक गाडी धक्का मारून सुरू होत नाही' आणि 'ऑटोमॅटिक गाडी टोचन करून नेऊ नये' ही दोन वाक्ये आज निसर्गनियमासारखी उच्चारली जातात. वस्तुतः ती फार जुनी नाहीत. १९४० ते साधारण १९६५ या काळातल्या बहुतेक अमेरिकी ऑटोमॅटिक गाड्या धक्क्याने सुरू होत असत आणि ते कसे करावे हे मालकाच्या पुस्तिकेत रीतसर छापलेले असे. मग मधल्या काळात काय घडले? आणि एखादी जुनी, जपलेली गाडी टोचन करून आणल्यावर गिअरच घेईनाशी का होते? या दोन प्रश्नांचे उत्तर एकाच छोट्या भागाच्या इतिहासात आहे. आजचा धागा त्या भागाविषयी.

२/२०
आधी आपल्या परिचयाच्या 'धक्का स्टार्ट'कडे पाहू. हाती गिअरच्या गाडीत चाकापासून इंजिनापर्यंत लोखंडाची सलग साखळी असते : चाक, प्रोपेलर शाफ्ट, गिअर, क्लच, इंजिन. बॅटरी उतरली तरी चार जणांनी गाडी ढकलायची, चालकाने दुसरा गिअर टाकून क्लच सोडायचा, की चाकेच इंजिनाला फिरवतात. शक्तीचा प्रवास नेहमीच्या उलट दिशेने होतो. या साखळीत कुठेही तेलाच्या दाबाची गरज नसते. तेल असते ते केवळ वंगणासाठी, आणि फिरणारी दातेरी चाके ते स्वतःच उडवून घेतात. म्हणूनच अशी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून दोरखंडाने दूरवर ओढत नेली तरी गिअरबॉक्सला सहसा इजा होत नाही.

३/२०
ऑटोमॅटिक गाडीत ही लोखंडी साखळी मध्येच तुटते आणि तिथे तेल येते. या कल्पनेचे मूळ मोटारीत नाही, जहाजात आहे. जर्मनीतील श्टेटिन येथील व्हल्कन जहाजबांधणी कारखान्यात काम करणारे अभियंते हेरमान फ्योटिंगर यांनी १९०५ साली द्रवाच्या साहाय्याने शक्ती वाहून नेणाऱ्या यंत्रणेचे पेटंट घेतले. वेगाने फिरणारे टर्बाइन आणि संथ फिरणारा जहाजाचा पंखा यांचा मेळ घालणे हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. तत्त्व सोपे आहे. दोन पंखे समोरासमोर ठेवा, एक चालू करा. दुसरा वाऱ्याच्या झोताने फिरू लागतो. हवेच्या जागी तेल घाला आणि दोन्ही पंखे एका बंद डब्यात बसवा. १९३० साली ब्रिटनच्या डेमलर कंपनीने हे द्रवचक्र मोटारीत आणले.

४/२०
मोठ्या प्रमाणावर बनलेला पहिला पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मात्र अमेरिकेचा. जनरल मोटर्सचे अभियंते अर्ल थॉम्प्सन यांच्या नेतृत्वाखाली तो तयार झाला. हेच थॉम्प्सन १९२८ च्या कॅडिलॅकमधील सिंक्रोमेशचेही जनक. १९३९ च्या शरद ऋतूत, १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांसाठी, 'हायड्रा-मॅटिक' या नावाने तो बाजारात आला. पुढे जाण्याचे चार गिअर, क्लचचे पायदळ नाही, आणि या सोयीची आरंभीची किंमत अवघे ५७ डॉलर. युद्धामुळे १९४२ च्या फेब्रुवारीत नागरी मोटारींचे उत्पादन थांबले, तोवर असे सुमारे २ लाख गिअरबॉक्स विकले गेले होते.

५/२०
या गिअरबॉक्समध्ये तेल चार कामे करते. इंजिनाची शक्ती पुढे पोहोचवते. आतील क्लच आणि पट्टे दाबून धरते, म्हणजेच गिअर 'टाकते'. सूर्याभोवती ग्रह फिरावेत तशा रचनेतल्या दातेरी चाकांना वंगण पुरवते. आणि घर्षणाची उष्णता वाहून नेते. या चारही कामांसाठी तेलाला दाब हवा, दाबासाठी पंप हवा. मुख्य पंप गिअरबॉक्सच्या पुढच्या तोंडाशी असतो आणि तो इंजिनावर चालतो. इथेच पेच आहे. इंजिन बंद म्हणजे पंप बंद; पंप बंद म्हणजे दाब नाही; दाब नाही म्हणजे एकही क्लच धरत नाही. मग चाके कितीही फिरवली तरी ती फिरत इंजिनापर्यंत पोहोचणारच नाही.

६/२०
थॉम्प्सन यांच्या चमूने गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला दुसरा पंप बसवला होता. तो चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टवर चाले. इंजिन बंद असो वा चालू, गाडी पुढे सरकत असली की मागचा पंप तेल खेचून दाब निर्माण करी. त्यामुळे धक्का स्टार्टची रीत अशी ठरली : दांडी न्यूट्रलमध्ये ठेवायची, मागच्या गाडीने आपल्या बंपरने ढकलत वेग ताशी २५ मैलांच्या आसपास न्यायचा, मग दांडी 'ड्राइव्ह'मध्ये आणायची. तोवर मागच्या पंपाने पुरेसा दाब तयार केलेला असे. क्लच धरत, आणि चाके इंजिनाला फिरवत. चार माणसांच्या धक्क्याने हा वेग गाठणे अशक्यच, त्यासाठी दुसरी मोटारच लागे. तरीही तो धक्का स्टार्टच होता.

७/२०
मागचा पंप केवळ अडलेल्यांच्या सोयीसाठी होता असे मानणे चुकीचे ठरेल. गाडी वेगात असताना तेलाचा पुरवठा बव्हंशी तो सांभाळी आणि पुढच्या पंपावरचा भार हलका करी. पण त्याचे दोन उपलाभ त्या काळच्या जीवनाशी नेमके जुळणारे होते. एक म्हणजे धक्का स्टार्ट. दुसरा, गाडी न्यूट्रलमध्ये ओढून नेताना आतील चाकांना मिळत राहणारे तेल. मिशिगनच्या हिवाळ्यात ६ व्होल्टची बॅटरी गारठून इंजिन फिरवू न शकणे ही नित्याची बाब होती. गाडी अधूनमधून अडणारच आणि शेजाऱ्याला ती ढकलावी लागणारच, हे तेव्हा सर्वांनी गृहीत धरलेले होते. त्या गृहीतकाला साजेसे यंत्र लोकांच्या हाती आले.

८/२०
येथे एक बारकावा नोंदवायला हवा. धक्का द्यावा, पण दोराने ओढून गाडी सुरू करू नये, असा इशारा त्या पुस्तिकांतून आढळतो. कारण साधे आहे. इंजिन अचानक पेट घेते तेव्हा गाडी पुढे झेप घेते आणि ओढणाऱ्या गाडीच्या पाठीवर जाऊन आदळते. म्हणजे 'ढकलणे' आणि 'ओढणे' या दोन क्रिया तेव्हाही वेगळ्या मानल्या जात. आज 'जुन्या ऑटोमॅटिक गाड्या ओढल्या तरी चालायच्या' असे सरसकट विधान ऐकू येते, त्यात हा भेद हरवलेला असतो. सुरू करण्यासाठी ढकलणे आणि बंद गाडी दुरुस्तीसाठी हलवणे यांचे नियम निरनिराळे होते.

९/२०
हलवण्याचा इतिहास चॅटनूगा या टेनेसी राज्यातील शहरात सुरू होतो. १९१६ मध्ये तेथील गॅरेजचालक अर्नेस्ट होम्स यांनी १९१३ च्या एका कॅडिलॅकवर खांब, कप्पी आणि साखळी बसवून पडलेल्या गाड्या उचलणारे वाहन तयार केले. पुढे त्यांनी अशी यंत्रे बनवण्याचा व्यवसायच उभारला. आज त्या शहरात टोचन-गाड्यांचे संग्रहालय आहे. या पद्धतीत गाडीचे एक टोक साखळीने अधांतरी उचलले जाते आणि उरलेली दोन चाके रस्त्यावर फिरत राहतात. त्या काळच्या बहुतेक अमेरिकी गाड्यांत शक्ती मागच्या चाकांना मिळे. साहजिकच पुढचे टोक उचलले तर फिरणारी चाके नेमकी गिअरबॉक्सला जोडलेली! मागचा पंप असेपर्यंत हे बहुधा खपून गेले.

१०/२०
युद्धाने या गिअरबॉक्सला प्रतिष्ठा दिली. एम-५ स्टुअर्ट या हलक्या रणगाड्यात दोन कॅडिलॅक इंजिने आणि दोन हायड्रा-मॅटिक बसवलेले होते. एम-२४ शॅफीमध्येही तीच जोडी आली. युद्धानंतर 'रणांगणात पारखलेला' अशी त्याची जाहिरात झाली. मग स्पर्धा सुरू झाली. १९४८ मध्ये ब्युइकचा डायनाफ्लो, १९५० मध्ये शेव्हरलेचा पॉवरग्लाइड, १९५१ मध्ये फोर्डचा फोर्डोमॅटिक, १९५६ मध्ये क्रायस्लरचा टॉर्कफ्लाइट. रचना वेगवेगळ्या, तेलाचे गणित वेगवेगळे. यांपैकी एकाचा नियम दुसऱ्याला लावता येत नाही, आणि जुन्या गाडीचे बरेच हाल येथूनच सुरू होतात.

११/२०
गाडीवरचे नाव पाहून आतला गिअरबॉक्स ओळखता येतो का? नेहमी नाही. १२ ऑगस्ट १९५३ रोजी लिव्होनिया, मिशिगन येथील हायड्रा-मॅटिकचा कारखाना आगीत भस्मसात झाला. जनरल मोटर्सने विलो रन येथे, जिथे युद्धकाळात बी-२४ बॉम्बर विमाने बनत, उत्पादन पुन्हा उभे केले. पण मधल्या आठवड्यांत काही कॅडिलॅक आणि ओल्ड्समोबिल गाड्यांत ब्युइकचा डायनाफ्लो बसवला गेला, तर काही पॉन्टिअॅकमध्ये शेव्हरलेचा पॉवरग्लाइड. उलट लिंकन ही फोर्डची शान असूनही १९४९ पासून काही वर्षे प्रतिस्पर्ध्याचाच हायड्रा-मॅटिक वापरत होती, आणि रोल्स-रॉइसनेही त्याचा परवाना घेतला होता. म्हणून अशा गाडीबाबत निर्णय घेताना बोनेटवरच्या चिन्हापेक्षा गिअरबॉक्सवरचा क्रमांक हे अधिक विश्वसनीय साधन मानावे.

१२/२०
आता मागच्या पंपाच्या अस्ताकडे येऊ. १९५३ ते १९५६ या काळात अमेरिकी कंपन्या ६ व्होल्टवरून १२ व्होल्टवर आल्या आणि स्टार्टरची ताकद वाढली. १९६० मध्ये क्रायस्लरने व्हॅलियंटमध्ये जुन्या डायनामोऐवजी अल्टरनेटर बसवला. १९६३ पर्यंत जनरल मोटर्सही त्या वाटेने गेली. इंजिन मंद चालत असतानाही बॅटरी भरू लागली. गाड्या अडण्याचे एक मोठे कारण क्षीण झाले. मग हिशेबनिसाच्या नजरेत मागचा पंप भरू लागला : जास्तीचे वजन, जास्तीचे भाग, जास्तीचा खर्च. १९६४ च्या कॅडिलॅक आणि ब्युइकमधील नव्या टर्बो हायड्रा-मॅटिकमध्ये एकच पंप होता, पुढचा. १९६६ च्या टॉर्कफ्लाइटमधून मागचा पंप गेला आणि लवकरच पॉवरग्लाइडमधूनही.

१३/२०
ही घटना इतिहासाच्या विद्यार्थ्याला विचारात पाडणारी आहे, कारण ती अतिशय निःशब्द होती. नवीन गोष्टीची जाहिरात होते. काढून टाकलेल्या गोष्टीची होत नाही. बाहेरून गाडी तशीच दिसत होती, दांडी तशीच होती, अक्षरेही तीच. बदलला तो पुस्तिकेतला एक परिच्छेद. जिथे धक्का कसा द्यावा हे लिहिलेले असे तिथे आता धक्क्याने गाडी सुरू होणार नाही असे छापले गेले, आणि टोचनाखाली वेगाची व अंतराची मर्यादा आली. त्यापलीकडे जायचे तर मागची चाके उचला किंवा प्रोपेलर शाफ्ट काढा. पुस्तिका हरवली की हे ज्ञानही हरवते. गाडी मात्र साठ वर्षे टिकते.

१४/२०
एकच पंप असलेली गाडी मागची चाके रस्त्यावर ठेवून ओढली तर आत काय होते? चाके प्रोपेलर शाफ्ट फिरवतात, शाफ्ट गिअरबॉक्सचा मागचा दंड फिरवतो, त्यासोबत ग्रहमालेची चाके आपापल्या खिळ्यांभोवती गरगरू लागतात. इंजिन बंद असल्याने पुढचा पंप स्तब्ध. तेल तळाच्या तसराळ्यात निवांत पडलेले, आणि वर पितळी बुश, वॉशर, सुया यांच्यावर राहिलेला पातळ थर काही किलोमीटरांत संपतो. मग धातू धातूवर घासतो. उष्णता वाढते, वर्षानुवर्षे वाळून कडक झालेली रबरी सील तडकतात, क्लचच्या चकत्या एकमेकींवर घासत करपू लागतात. वेग जितका जास्त तितके हे लवकर घडते.

१५/२०
आणि तरीही गाडी गॅरेजमध्ये पोहोचते तेव्हा बाहेरून निर्दोष दिसते. काही दिवसांनी ती उशिरा गिअर घेते, उताराकडे घरघर करते, गरम झाल्यावर घसरते. तेव्हा मालक म्हणतो, 'टोचनाने घात केला.' इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने थोडे थांबावे. एखादी गोष्ट दुसरीच्या नंतर घडली म्हणजे ती तिच्यामुळेच घडली असे होत नाही. बखरीतल्या शकुनांबाबत आपण हे सहज मान्य करतो, यंत्राबाबत विसरतो. पहिला प्रश्न असा : टोचन करण्याची वेळ मुळात का आली? गाडी गिअर घेत नव्हती म्हणूनच ती उचलली असेल, तर दोष आधीचाच आहे. टोचन हा त्या कथेचा दुसरा अध्याय ठरतो.

१६/२०
गिअरबॉक्स उघडण्याआधी स्वस्त संशयितांची झडती घ्यावी. दीर्घकाळ उभ्या गाडीत टॉर्क कन्व्हर्टरमधले तेल हळूहळू तळात उतरते. इंजिन बंद असताना पट्टीवर पातळी जास्त दिसते, पण सुरू केल्यावर गाडी काही क्षण हलत नाही. क्रायस्लरच्या जुन्या टॉर्कफ्लाइटमध्ये 'पार्क'मध्ये कन्व्हर्टर भरत नाही, न्यूट्रलमध्ये भरतो; हे ठाऊक नसलेला माणूस गिअरबॉक्स संपला असे समजतो. तेल मोजण्याची सर्वसाधारण रीत अशी : गाडी समतल जागी, गिअरबॉक्स तापलेला, इंजिन मंद चालू, आणि दांडी पुस्तिकेत सांगितलेल्या स्थानी. बंद इंजिनाच्या मापावर विश्वासून तेल काढले वा ओतले तर नवा दोष आपणच निर्माण करतो. प्रमाणाबाहेर तेल घातल्यास ते फेसाळते, आणि फेसाला दाब धरता येत नाही.

१७/२०
पुढचा संशयित साखळी. जुन्या पद्धतीने गाडी उचलताना साखळी वा आकडा गाडीच्या पोटाखालून जातो. त्याने दांडी आणि गिअरबॉक्स यांना जोडणारी सळई वाकू शकते. मग दांडी 'ड्राइव्ह' दाखवते आणि आतला व्हॉल्व्ह अर्ध्या वाटेवर असतो. रेडिएटरकडे तेल नेणाऱ्या नळ्या चेपू शकतात. टर्बो हायड्रा-मॅटिकसारख्या गिअरबॉक्सला इंजिनाकडून येणारी बारीक व्हॅक्यूम नळी निसटली तर गिअर उशिरा आणि धक्क्याने पडतो. हे सारे तासाभराच्या कामाने सुधारते. उलट तेलाला करपट वास येत असेल, ते काळपट झाले असेल आणि तसराळ्यात पितळेचे कण चमकत असतील, तर आतील भाग कोरडे घासले गेल्याचा तो सबळ पुरावा. तेव्हा मात्र गिअरबॉक्स उघडण्यावाचून गत्यंतर नाही.

१८/२०
'प्रोपेलर शाफ्ट काढा' हा सल्लाही सार्वकालिक नव्हे. १९६० पर्यंतच्या ब्युइकमध्ये शाफ्ट एका बंद नळीत असे आणि ती नळी मागच्या अॅक्सलला घट्ट जोडलेली असे. रस्त्याच्या कडेला तो सुटा करणे जवळजवळ अशक्य. 'मागची चाके उचला' हा नियम १९६६ च्या ओल्ड्समोबिल टोरोनाडोत उलटतो, कारण तिथे शक्ती पुढच्या चाकांना मिळते. आरंभीच्या हायड्रा-मॅटिकमध्ये 'पार्क' हे स्थानच नव्हते. इंजिन बंद करून दांडी 'रिव्हर्स'मध्ये ठेवली की आतला दातेरी अटकाव बसे आणि गाडी उभी राही. हे न जाणता कोणी ती तशीच ओढली, तर चाके फरफटतात किंवा सगळा भार त्या अटकावावर येतो. शाफ्ट काढल्यास मागच्या तोंडातून तेल गळते, म्हणून ते तोंड बंद करावे लागते, हाही एक विसरला जाणारा तपशील.

१९/२०
आता आपल्याकडे वळू. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला मोटारी जुळवण्याचा कारखाना काढला होता आणि तो १९५० च्या दशकात बंद झाला. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यात क्रायस्लरच्या परवान्याने डॉज आणि प्लिमथ जुळवल्या. तरीही आपल्या रस्त्यांवरच्या बहुसंख्य गाड्या हाती गिअरच्याच राहिल्या. 'धक्का स्टार्ट' हा शब्दप्रयोग मराठीत इतका रुळला की तो आपण आळशी माणसासाठीही वापरतो. ऑटोमॅटिक गाड्या आपल्याकडे सर्रास दिसू लागल्या तेव्हा मागचा पंप केव्हाच इतिहासजमा झालेला होता. त्यामुळे 'ऑटोमॅटिकला धक्का चालत नाही' हे वाक्य आपल्यापर्यंत तयार नियम म्हणून पोहोचले. त्यामागचा पंचवीस वर्षांचा अपवाद आपल्या स्मृतीत कधी शिरलाच नाही. म्हणून एखाद्या संग्राहकाकडची १९५५ ची गाडी आणि १९६७ ची गाडी टोचनवाल्याला एकसारखीच वाटते.

२०/२०
व्यवहाराचा निष्कर्ष छोटा आहे. कोणता गिअरबॉक्स आहे याची खात्री नसेल, तर जुनी ऑटोमॅटिक गाडी चारही चाके वर ठेवून, सपाट पाठीच्या ट्रकवरूनच न्यावी. मागचा पंप असलेल्या गाडीबाबतही हेच बरे, कारण सत्तर वर्षांनंतर तो पंप काम करतोच याची हमी कोण देणार? आणि गिअरबॉक्सच आजारी असल्याचा संशय असेल, तर त्याला जोडलेली चाके रस्त्यावर फिरू देऊच नयेत.

अभ्यासाचा निष्कर्ष त्याहून मोठा आहे. यंत्र हेही साधन आहे, ताम्रपटासारखे वाचता येणारे. मागचा पंप सांगतो की १९४० च्या गाडीकडून अडण्याची आणि शेजाऱ्याकडून ढकलण्याची अपेक्षा होती. पंपाची रिकामी जागा सांगते की १९६६ पर्यंत ती जबाबदारी बॅटरीकडे, जम्पर केबलकडे आणि फोनवर बोलावता येणाऱ्या टोचन-गाडीकडे गेली होती. ढकलणारा शेजारी यंत्राच्या आराखड्यातून वगळला गेला, आणि त्याची नोंद कुठल्याही मथळ्यात झाली नाही.

म्हणून एक विनंती. तुमच्या घरी, आजोबांच्या कपाटात वा जुन्या गॅरेजच्या फळीवर एखाद्या मोटारीची मूळ पुस्तिका असेल तर ती रद्दीत देऊ नका. तिच्यातले 'टोचन' आणि 'गाडी सुरू करणे' हे दोन भाग उघडा, छायाचित्र काढा, गाडीचे नाव व वर्ष लिहून येथे खाली जोडा. दोन वेगळ्या वर्षांच्या पुस्तिका शेजारी ठेवल्या की बदललेला परिच्छेद तुम्हाला स्वतःच सापडेल.